यमुना रागावली, यमुना हसली

कसालला आमच्या शेजारच्या गाळ्यात शर्मिष्ठा कॉम्प्युटर दुरुस्त करते. "बघूया" हा शब्द तिच्याकडे नाही. एक तर "होतला", म्हणजे होईल, नाहीतर "घरी न्या". माझ्या प्रिंटरला तिने "घरी न्या" म्हटलं तेव्हापासून माझा तिच्यावर राग आहे, पण तिच्या "होतला"वर डोळे मिटून विश्वासही आहे.

नारळी पौर्णिमा तोंडावर आली असताना मालवणहून यमुनाबाई आणि त्यांचा मुलगा मितेश माझ्यादेखत तिच्याकडे आले. यमुनाबाईंचे यजमान रामचंद्र उन्हाळ्यात वारले. दर्यात खडक कुठे, मासळी कुठे, हे त्यांनी होडीवरच्या जीपीएसमध्ये साठवलं होतं, तेही मुलाला न दाखवता. चांगला मासेमार आपल्या जागा अशाच लपवतो. आता ते यंत्र खाऱ्या पाण्याने बंद पडलं होतं. त्यातल्या मेमरी कार्डावरची फाइल तेवढी उरली होती आणि ती कुठेच उघडत नव्हती. दोन दुकानांनी हात टेकले होते. त्या जागांशिवाय मितेश जाळं टाकणार तरी कुठे?

"होतला," शर्मिष्ठा म्हणाली.

तिने काळ्या पडद्यावर 'स्ट्रिंग्ज' ही कमांड दिली. "काकी, फाइल मोडली तरी आतली अक्षरां खंय जातली? तुमी जाळ्यातलो केर टाकून मासळी वेचतास ना, तसाच ह्यां."

इंग्रजी अक्षरांतल्या ओळी सरकू लागल्या. 'यमुना रागावली', पुढे आकडे. 'यमुना हसली', पुढे आकडे. 'यमुना खूप रागावली'.

मितेशचं तोंड उतरलं. "ह्यात खडक खंय आसत?"

"आकडे नकाशात टाकून बघ," शर्मिष्ठाने खुर्ची सोडली.

त्याने 'खूप रागावली'चे आकडे टाकले आणि ओरडलाच, "आये, गेल्या साली हयच आमचा जाळा फाटलला!"

रागावली तिथे खडक, हसली तिथे मासळी. मला हसू आवरेना. किती लबाड माणूस!

यमुनाबाई मात्र पडद्याकडे बघतच राहिल्या. "जन्मात कधी माका नावान हाक मारूक नाय. 'आयकलस काय' म्हणायचो. आणि दर्यात बघ, सगळीकडे माझाच नाव लिवन ठेवल्यान."

मितेश आकडे फोनमध्ये उतरवून घेत होता.

"परत एकदा वाच गो," त्या शर्मिष्ठाला म्हणाल्या.

शर्मिष्ठाने आकडे सोडून नुसती नावं वाचली.