कुलसुमबींच्या खोलीतली शर्यत

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, कुलसुमबी ब्लाउज शिवत. रस्त्याकडची खोली त्यांची. खिडकीखाली शिलाई मशीन. पण दोन हजार सहाच्या सुमारास शेतीची अशी अवस्था झाली, की फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या मुलाकडे, रऊफकडे, कोणी फिरकेना. त्याने पंपांचे दुकान सोडले, जुना संगणक आणला आणि आईच्या खोलीत खेळांचे पार्लर थाटले. मशीन स्वयंपाकघरात गेले. महिनाभरात गिऱ्हाइकांची तक्रार आली, की नव्या ब्लाउजला फोडणीचा वास येतो.

घरात मायलेक उर्दू बोलत. भांडण मात्र वऱ्हाडीत करत.

“माही खोली मले वापस दे.”

“अम्मी, तिथं धंदा चालू हाय.”

“माहा काय चुलीत घालू?”

रऊफचा जीव एम्युलेटरवर होता. टीव्हीला जोडायच्या जुन्या खेळयंत्राचे खेळ संगणकावर चालवणारा तो प्रोग्रॅम. संगणकात हायपरथ्रेडिंगचा प्रोसेसर होता, म्हणजे असायचा एक आणि पडद्यावर दिसायचे दोन. खेळ चालू असताना निम्मा प्रोसेसर मोकळा दिसे. ते रऊफला सहन होईना. त्याने लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी सीडीवर उतरवण्याची कामे धरली. समोर खेळ, मागे लग्न. प्रत्यक्षात मागचे लग्न पुढच्या खेळाच्याच तोंडचा घास काढून घेई, आणि शर्यतीच्या मोटारी बैलगाडीच्या चालीने धावत. पोरे शिव्या देत निघून जात.

कुलसुमबींना मात्र ती चाल मानवली. दुपारी पार्लर रिकामे असे. खोली जिच्यापायी गेली ती चीज तरी पाहावी, म्हणून त्या एकदा खुर्चीत बसल्या, आणि मग रोज बसू लागल्या. गळ्याची पट्टी फिरवावी तशी त्या वळणावर मोटार अलगद फिरवत. पाय मात्र टेबलाखाली नसलेले पायडल मारत राहत. पंधरवड्यात त्यांनी गल्लीतल्या पोरांना हरवले आणि मुलाला आव्हान दिले.

“शुक्रवारी नमाजनंतर तुही न् माही शर्यत. मी जिंकलो तं खोली माही.”

“अन् हारली तं?”

“तं ह्या घरात मशीनचं नाव काढनार नाही.”

रऊफ हसला खरा. पण बैलगाडीच्या चालीत आईला हरवणे त्याला जमत नव्हते. शुक्रवारी सकाळी त्याने संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन हायपरथ्रेडिंग बंद केले. आता प्रोसेसर एकच दिसू लागला. मग त्याने लग्नाला सर्वांत खालचा क्रम दिला. खेळाचे पोट भरल्यावर काही उरले तरच लग्नाला मिळणार होते. मोटारी एकदम उधळल्या.

नमाज आटोपली. गल्ली खोलीत जमली. शिटी वाजली आणि कुलसुमबींची मोटार पहिल्याच वळणावर भिंतीत गेली. बाहेर काढली, तर पुढच्या भिंतीत.

“गाडीले काय पाजलं रे आज?”

“काही नाही अम्मी. तब्येत सुधरली तिची.”

रऊफ सहज जिंकला. कुलसुमबी उठल्या, ओढणी सारखी केली आणि चहा ठेवायला आत गेल्या.

तेवढ्यात बाळापूरकडचे पुंजाराम आणि त्यांच्या पत्नी जमुना दारात आले. मुलीचे लग्न त्यांनी सामूहिक विवाहात लावले होते. सीडी आज द्यायची होती. रऊफने पाहिले, तर लग्न अजून गणेशपूजनातच अडकलेले.

“सांजपोतर देतो, काकू.”

“बाप्पा! आमची यष्टी पाच वाजताची हाय! पावन्यायले आज दाखवाचं हाय,” जमुनाबाई कडाडल्या. “लगन तीन तासांत लागलं, तुमाले सीडी लागत नाही?”

रऊफने खेळ बंद केला, पोरांना घालवले आणि सारा प्रोसेसर लग्नाला दिला. तरी वेळ लागणारच होता. कुलसुमबींनी चहा आणला. राग निवल्यावर जमुनाबाईंनी पिशवीतून ब्लाउजचे कापड काढले.

“बाई, तुमी शिवता म्हने. पोरीचे चार हायेत.”

“शिवतो न. पन कशावर शिवतो, त्याचं नाव काढाले मले बंदी हाय.”

“कोनं केली बंदी?”

कुलसुमबी बशीत चहा ओतू लागल्या. जमुनाबाईंनी रऊफकडे पाहिले, मग पडद्यावर रखडलेल्या लग्नाकडे पाहिले, मग पुन्हा रऊफकडे.

“आनतो, काकू,” रऊफ म्हणाला.

त्याने स्वयंपाकघरातून मशीन उचलून आणले. संगणकाचे टेबल आतल्या भिंतीला सरकवावे लागले, कारण खिडकी एकच होती. कुलसुमबींनी कापड उजेडात धरून पाहिले, कात्री चालवली आणि पायडल मारले.

पाचची एसटी चुकली, साडेसातची मिळाली. तोवर दोन ब्लाउज शिवून झाले होते, आणि पडद्यावर सारख्याच साड्या नेसलेल्या अकरा वधूंत आपली कोणती, यावर पुंजाराम आणि जमुनाबाईंचे अजून एकमत झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी रऊफने टेबल खिडकीकडे ओढून पाहिले. कुलसुमबींनी मान वर न करता सांगितले,

“मांगं घे. उजेड अडते.”

त्याने मागे घेतले.