चार शिळ्या भाकऱ्या हव्यात

माझ्या मुलीने चार शिळ्या भाकऱ्या जिवापाड जपून ठेवल्या होत्या आणि त्या मी सकाळी देवळाजवळच्या गाईला घातल्या.

आधी माझी बाजू ऐकून घ्या. ओट्यावर डबा होता, डब्यावर चिठ्ठी : ‘हात लावू नये.’ आता माझ्या घरात, माझ्या ओट्यावर, माझ्याच डब्याला मी हात लावायचा नाही? उघडला, तर आत कालच्या ज्वारीच्या भाकऱ्या. श्रावणी अकरावीत, विषय गृहविज्ञान. त्या दिवशी वाशीला कॉलेजा-कॉलेजांमधली स्पर्धा होती आणि ही तिघींच्या गटाची प्रमुख. म्हटलं, पोरगी गडबडीत शिळंच घेऊन निघालीय. परीक्षक काय म्हणतील? (म्हणजे मला काय म्हणतील.) भाकऱ्या गाईला घातल्या, चार नव्या थापून डब्यात भरल्या, चिठ्ठी होती तशी चिकटवली आणि स्वतःवर खूश झाले.

आठ वाजता श्रावणीने डबा उचलला.

“आई, हा गरम का लागतोय?”

मी ऐटीत सांगितलं. ती किंचाळली असती तर परवडलं असतं. ती खुर्चीत बसली आणि अगदी शांतपणे तिने मला स्पर्धेचा विषय सांगितला : उरलेल्या अन्नातून नवा पदार्थ. अन्न आदल्या दिवशीचंच हवं. कुणाच्याही घरचं चालेल, पण कुणाचं ते कागदावर लिहायचं. परीक्षक मोडून, वास घेऊन बघतात. ताजं निघालं तर गट बाद. तिघी दिवाळीपासून या पदार्थामागे होत्या.

मी हार मानणाऱ्यांतली नाही. भाकऱ्या पंख्याखाली पसरल्या. मग फ्रीजमध्ये ठेवल्या. मग पुन्हा पंख्याखाली. गार झाल्या, पण शिळ्या होईनात. शेवटी मी म्हटलं, कालच्या म्हणून ठोकून दे, कुणाला कळतंय?

“मला कळतंय ना. कागदावर सही माझी आहे,” ती म्हणाली. “रिक्षा नऊला येईल. तोवर सोसायटीत फिर आणि चार शिळ्या भाकऱ्या घेऊन ये.”

विनंती नव्हती ती. मी चपला घातल्या.

एकोणीस दारं वाजवली. एकोणीस घरांत काल काहीही उरलं नव्हतं. सगळ्याजणी मोजूनच करतात म्हणे! (मग रोज सकाळी ओल्या कचऱ्याचे दोन ड्रम कोण भरतं, हे आमच्या सोसायटीचं गूढच आहे.) शिंदेवहिनी मान हलवत होत्या, एवढ्यात आतून त्यांचे मिस्टर म्हणाले, “अगं, कालच्या तीन आहेत की. मला नाश्त्याला देणार होतीस ना?” वहिनी म्हणाल्या, “ते मस्करी करतात,” आणि दार लावून घेतलं. चूक माझीही होती. ‘कागदावर तुमचं नाव लिहू हं,’ असं मीच प्रत्येक दारात आधी सांगत होते.

नऊला पाच कमी. गेटबाहेर सारसोळे गावच्या चांगुणामावशी मासळीची पाटी लावत होत्या. मला धापा टाकताना बघून त्यांनी विचारलं, “काय गो, कनाला पलतेस?”

कशाला पळतेय ते मी सांगितलं. त्यांनी शेजारचं फडकं सोडलं. आत तांदळाच्या चार भाकऱ्या.

“कालच्याच हायत. ने. उरला तर उरला, त्यात लाजाचा काय? नाव पन लिव माजा, सगला लिव.”

ते त्यांचं दुपारचं जेवण होतं. मी बदल्यात माझ्या चार ताज्या भाकऱ्या आणून दिल्या. त्यांनी एक दाबून पाहिली आणि ‘ज्वारी व्हय,’ एवढंच म्हणाल्या. कौतुक नव्हतं.

ज्वारीच्या जागी तांदूळ आला म्हणून रिक्षातच श्रावणीने बाकी दोघींना फोन करून कृती बदलायला लावली. मी दुपारभर घरात येरझाऱ्या घालत होते. चार वाजता फोन आला : दुसरा नंबर, जिल्ह्याच्या फेरीसाठी निवड. माझा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी चांगुणामावशींना पेढे नेऊन दिले. शिंदेवहिनींनाही दिले, त्यांनी ते मोजून घेतले.

रात्री जेवताना श्रावणीने स्पर्धेत लिहून दिलेला अहवाल वाचायला दिला. नेतृत्वाच्या प्रश्नाला दहापैकी दहा गुण होते. अख्ख्या स्पर्धेत एवढे कुणालाच नव्हते. मी अभिमानाने चष्मा लावला.

प्रश्न : प्रकल्पात आलेली सर्वांत मोठी अडचण कोणती?

उत्तर : आई.

प्रश्न : ती कशी सोडवली?

उत्तर : घराबाहेर पाठवली.