एकशे सतरा परवानग्या

दत्तोपंतांची आणि माझी पहिली भेट झाली त्या दिवशी चिकलठाण्याला उतरणारं विमान घाबरून परत फिरलं, असं माझं प्रामाणिक मत आहे. मी या गल्लीत नुकताच राहायला आलो होतो. सामानाचा टेम्पो त्यांच्या फाटकासमोर दहा मिनिटं उभा करू का, एवढंच विचारायला गेलो. आतून एक सात फुटी माणूस बाहेर आला आणि गरजला, "लेखी द्या!" मी खिशातल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर अर्ज खरडला. चार मिनिटांत तो सही, तारीख आणि गुलमंडीच्या बाजारातून स्वखर्चाने बनवून घेतलेल्या शिक्क्यासह परत आला. वर आरोळी, "मंजूर!" तीन गाड्यांचे अलार्म वाजले. कबुतरं उडाली, ती अजून खाली बसलेली नाहीत.

प्रत्यक्षात पंत सव्वापाच फुटांचे आहेत. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी कचेऱ्यांत कारकुनी केली आणि कुणाचाही अर्ज रात्रभर टेबलावर राहू दिला नाही. या गुन्ह्याबद्दल त्यांची सात वेळा बदली झाली. "परवानगी मागायला आलेला माणूस आधीच जिने चढून दमलेला असतो," ते म्हणत. यावर उमावहिनी स्वयंपाकघरातून म्हणत, "माझंच काय ते सगळं प्रलंबित."

निवृत्तीनंतर त्यांच्या मुलाने, पुण्याच्या चिन्मयने, लॅपटॉप आणून दिला आणि पंतांना पुन्हा टेबल मिळालं. सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये बसायचं, गल्लीतल्या नळाचे, मीटरचे, मोकाट कुत्र्यांचे अर्ज फुकट टाइप करायचे, पाचला उठायचं.

घोटाळा वेगळाच होता. इंटरनेटवरची पानं भलती नम्र असतात. उघडलं की विचारतात, तुम्हाला सूचना पाठवायची परवानगी आहे का? सगळं जग हा प्रश्न माशीसारखा हाकलतं. पंत मात्र चष्मा पुसत आणि शांतपणे 'अनुमती द्या'वर बोट ठेवत.

एका दुपारी मी जेवत असताना त्यांच्या घरातून भोंगा वाजायला लागला. हातातला घास टाकून धावलो. लॅपटॉपचा पडदा लालभडक. एक बाई इंग्रजीत बजावत होती की तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला आहे, तो बंद करू नका, खालच्या नंबरवर ताबडतोब फोन करा. समोर कडुबा बसला होता. हा एका कारखान्याचा वॉचमन, मीटरच्या अर्जासाठी आलेला.

"लई बोंबलू लागलं की हे," कडुबा म्हणाला. "पंत, कुनी विहिरीत पडलं का काय?"

"गप बस. शासकीय दिसतंय."

"शासकीय? भोंगा तर आमच्या कंपनीपरीस मोठा हाय!"

पंतांनी सात आकडे फिरवलेही होते. मी फोन हिसकावला. "पंत, हे चोर आहेत. मदतीच्या नावाखाली कॉम्प्युटरमध्ये शिरतील आणि बँक धुऊन नेतील."

"पण स्पष्ट लिहिलंय की, बंद करू नका म्हणून."

"मग चोर काय 'दार लावून घ्या' असं लिहिणार?"

मी बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. "असं जबरदस्तीनं?" पंत कळवळले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. मी घसा कोरडा करून शिकवलं की फोन करायचा नाही, त्या पानावर कुठंही बोट लावायचं नाही, बटण दहा अंक मोजेपर्यंत दाबून धरायचं, आणि चालू केल्यावर जुनी पानं पुन्हा उघडू का असं विचारलं तर नाही म्हणायचं. पंतांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवलं. चौथ्यांदा मात्र, ही भोंग्याची पानं ज्या परवानग्यांतून घुसत होती, त्यांची यादीच मी उघडली. एकशे सतरा!

"पंत, या तुर्कस्तानातल्या बुटांच्या दुकानाला परवानगी कशाला?"

"त्यांनी मागितली."

"आणि हे केस वाढवणारे?"

पंतांनी टकलावरून हात फिरवला. "त्यांनीही मागितली होती."

"नाही म्हणता येतं हो!"

"कोणत्या कारणाने? त्यांची चूक काय?"

मला भिंत दिसत होती आणि तिच्यावर डोकं आपटावंसं वाटत होतं.

शेवटी वहिनींनी चिन्मयच्या कानावर घातलं. त्याने फोनवरच निकाल दिला, "बाबा, आता एकदा जरी ते बोंबललं तर लॅपटॉप मी पुण्याला नेणार."

त्या संध्याकाळी पंत माझ्याकडे आले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "धारूरकर, काहीतरी करा. ते गेलं तर मी दहा वाजता कुठं बसू?"

मी एकशे सतरा परवानग्या रद्द केल्या आणि यापुढे कोणत्याही पानाला परवानगी मागताच येणार नाही, अशी सोय करून ठेवली.

"सुनावणी न घेता?"

"न घेता!"

पंधरा दिवस शांतता. मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे नुसते पडद्याकडे बघत बसू लागलेत. म्हणतात, आता मला कुणी काही विचारतच नाही."

रविवारी चिन्मय लेकीला, ओवीला, घेऊन आला. मीही चहाला होतो. पहिला घोट घेतला आणि भोंगा! ज्या माणसाला आवाज कमी करायचं बटण दोन वर्षांत सापडलं नव्हतं, त्याने तीन दिवस खपून माझी सोय शोधली होती आणि मोडली होती. वर नऊ नव्या परवानग्या दिल्या होत्या. त्यांचाच शिक्का त्यांच्याच कपाळावर मारावा, इतका मी संतापलो.

पण पंतांनी फोनला हात लावला नाही. उठले. भिंतीवरचा कागद वाचला. बटण दाबून मोठ्याने दहा अंक मोजले. पुन्हा चालू केलं, जुनी पानं नाकारली, यादी उघडली आणि नऊच्या नऊ परवानग्या स्वतः रद्द केल्या, प्रत्येकीला मान किंचित झुकवून. मग चिन्मयकडे पाहिलं.

"छान केलंत, बाबा," चिन्मय म्हणाला. "पण."

"पण काय? केला का मी फोन?"

"आज मी इथं होतो."

"नसतास तरी हेच केलं असतं!"

चिन्मयने लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली. वहिनी कप उचलून आत गेल्या.

सोमवारी सकाळी त्याने लॅपटॉप नेला. ओवी आता त्यावर चित्रं काढते. आमच्या गल्लीतले अर्ज कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात टाइप होतात. ते दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं.