लेखकाच्या नावानं लावलेल्या कंपन्या

तुम्ही काही विचारलंत, की बाई आधी चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि म्हणायच्या, "खालची ओळ वाचली का?" पेपर हातात धरून तावातावानं बोलणारा माणूस तिथंच गार पडायचा. खालची ओळ कोणीच वाचलेली नसायची.

बाई गुलबर्ग्याकडच्या, सीमेवरच्या आमच्या तालुक्याच्या गावात ग्रंथपाल होत्या. वाचनालय आमच्याच शिक्षण संस्थेचं. मी संस्थेच्या शाळेत मास्तर आणि वाचनालयाच्या कमिटीचा सदस्य. सदस्य म्हणजे काय, तर महिन्यातून एकदा चहा प्यायचा आणि बोट दाखवतील तिथं सही करायची. ही सवय पुढं नडली.

नव्वदीनंतरचे ते दिवस तुम्हालाही आठवत असतील. सोलापूरहून पेपर यायचे आणि त्यात पानभर जाहिराती: अमुक कंपनीचा पब्लिक इश्यू उघडतोय, तमुकचा बंद होतोय. ज्यांनी जन्मात शेअर पाहिला नव्हता, ते पानटपरीवर लिस्टिंगच्या गप्पा मारायला लागले. शेअर बाजारात येण्याआधी घ्यायचा, आला की दुप्पट, एवढंच सगळ्यांना पाठ.

बाईंनी पुस्तकांच्या कार्डांच्या कपाटातला एक रिकामा ड्रॉवर घेतला आणि येणाऱ्या प्रत्येक इश्यूचं एक कार्ड करायला सुरुवात केली. कधी उघडणार, कधी मिटणार, पैसा कशासाठी हवाय. शेअर बाजारात आला की तारीख. आला नाही तर लाल शाईनं 'आला नाही'. आज हे संगणकावर चुटकीसरशी दिसतं म्हणतात. तेव्हा आमच्या तालुक्यात ते एका लाकडी ड्रॉवरमध्ये होतं.

पण कार्डं कंपनीच्या नावानं लावलेली नव्हती. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात मालकांची नावं असत, त्या नावांनी लावली होती. मी म्हटलं, "बाई, हे कसलं उलटं काम?"

"उलटं कामून? पुस्तकं लेखकाच्या नावानं लावताव का न्हाई? पुस्तकाचं नाव बदलतंय गुरुजी, लिहिणारा त्योच ऱ्हातोय."

मी हसलो. शहाणी माणसं हसतात तसा.

हे खूळ कुठून आलं, तेही सांगतो. बाईंचे वडील गुलबर्ग्याला गिरणीत होते. गिरणी सुटल्यावर हातात आलेलं सगळं त्यांनी एका इश्यूत घातलं आणि ती कंपनी बाजारात आलीच नाही. पुढं त्यांची नजर गेली. दुपारी बाई वाचनालयाला कुलूप लावून घरी जायच्या, वडिलांना वाढायच्या आणि पेपर वाचून दाखवायच्या, जाहिरातींसकट. म्हातारा विचारायचा, "आज कोण यायलंय बाजारात?"

संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा गावात इश्यूचे फॉर्म वाटायचा. एकदा त्यानं गाणगापूरच्या यात्री-निवासाची कंपनी आणली. महाराष्ट्रातून येणाऱ्या भक्तांसाठी मोठी इमारत, आणि फॉर्मसोबतच्या पत्रकावर पादुकांचं चित्र. लोक फॉर्म घरी नेऊन देवापुढं ठेवायचे, हळदकुंकू वाहायचे आणि मग सही करायचे. दत्ताच्या कामाची चौकशी कोण करतो? मीही केली नाही. माझा फॉर्म पहिल्या दहांत गेला.

रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये सभा भरली. अध्यक्ष अण्णा बोलले, भाचा बोलला. मग मागून बाई उठल्या. हातात दोन कार्डं.

"एक मिनिट, अण्णा. हे यात्री-निवासाचे मालक. ह्याच दोघांची दोन वर्सामागं फुलं परदेशी धाडायची कंपनी होती. लोकांनी पैसे भरले. शेअर बाजारात आला न्हाई."

मराठीत वाचलं. मग तेच कन्नडमध्ये वाचलं. मग मागच्या बाकावरच्या चाचांकडं बघून दख्खनीत. "किसी कू समझ्या नै, ऐसा नक्को होना," म्हणाल्या.

भाचा ओरडला, "देवाच्या कामात खोडा घालायलीस व्हय!"

"मालकाच्या यादीत देवाचं नाव न्हाई. मी दोनदा बघितलं."

कोणीतरी हसलं, मग सगळा हॉल हसला. मी हसलो नाही. चारचौघांत खुळा ठरल्याचा राग मला त्या दोघा मालकांचा यायला हवा होता. तो आला बाईंचा.

आठवड्यात कमिटी बसली. ड्रॉवर बंद, आणि बाईंची बदली मादन हिप्परग्याच्या पलीकडच्या एका खेड्यात, जिथं शाखा म्हणजे एक कपाट आणि एक बाकडं. रोज दोन बस बदलायच्या. "ह्या लोकांना जरा वर घेतलं की..." अध्यक्षांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. त्यांना टोकायला हवं होतं. आम्ही बिस्किटं खाल्ली. मी सही केली.

यात्री-निवासाची एक वीट चढली नाही. बाईंचं ऐकून ज्यांनी फॉर्म फाडले ते वाचले, माझे पैसे गेले. गावात लोक उघड बोलायला लागले, तेव्हा अध्यक्षांनी तोडगा काढला: सभेत बेशिस्त झाली म्हणून बाईंनी दोन ओळींची माफी लिहून द्यावी आणि परत यावं. मजकूर मीच लिहिला. घेऊनही मीच गेलो.

बाकड्यावर दोन दिवसांचा शिळा पेपर होता, कात्री होती, आणि चपलांच्या खोक्यात नवी कार्डं लावलेली होती. "जयभीम गुरुजी, बसा," बाई म्हणाल्या. कागद शेवटपर्यंत वाचला.

"सही करा बाई," मी म्हटलं. "वडिलांचा तरी विचार करा. दुपारी त्यांना पेपर कोण वाचून दाखवतो?"

"कोणीच न्हाई. माफीचं कालच कानावर आलं, मी त्यास्नी इचारलं. म्हणले, माफी लिहून आलीस तर मला पेपर वाचू नकोस."

मग त्यांनी कागद उलटा केला आणि कोरी बाजू माझ्यापुढं सरकवली. वर पेन ठेवलं.

"मी वाचलं ते खरं होतं का खोटं?"

"खरं होतं."

"मग माफी तुमी लिहा. बदलीच्या कागदावर सही तुमचीबी हाय."

मी म्हटलं, बस चुकेल. खरंच असं म्हटलं. कागद खिशात घातला आणि उठलो.

बाई त्याच शाखेतून निवृत्त झाल्या. म्हातारा त्याआधीच गेला होता. शेवटपर्यंत त्यांनी ना अर्ज केला, ना कुणाच्या दारात गेल्या. रस्त्यात भेटल्या की मान ताठ ठेवून "बरं हाव का गुरुजी?" विचारायच्या आणि मलाच खाली बघावं लागायचं. मागच्या वर्षी बाईही गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तो कागद मी फाडला नव्हता. परवा काढला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: बाई, तुम्ही वाचलं ते खरं होतं. मी सही केली ती चूक होती, मला माफ करा.

लिहायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. आता हा कागद नेऊन देऊ कुणाला?