अर्धं सोललेलं संत्रं

कुमुदताई गेल्या तेव्हा मी त्यांच्या समोरच बसले होते, आणि मला ते कळलं नाही.

सदर भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर रविवारी आम्ही चार-पाच जणी जमायचो. ताई शाळेतून निवृत्त झालेल्या. आमच्यात कोणी बँकेतली, कोणी घर सांभाळणारी. आयुष्यात घडलेलं, मनातून न गेलेलं काहीतरी लिहून आणायचं आणि वाचून दाखवायचं, एवढाच आमचा उद्योग. ऐकताना ताई संत्री सोलायच्या. नरखेडकडे भावाची बाग, त्यामुळे घरात टोपली कायम भरलेली. बोटं आपली चालत राहायची, आणि वाचणारीनं कुठे थाप मारली की थांबायची. कसं ओळखायच्या, देव जाणे. आम्ही एक डोळा कागदावर आणि एक त्या हातावर ठेवून वाचायला शिकलो होतो.

मी माझ्या लेकीच्या जन्मावर लिहिलं होतं. 'तिला कुशीत घेतलं आणि आनंदाश्रू वाहू लागले.' हात थांबला. "इथं तू नाही दिसून राहिली वं," ताई म्हणाल्या. "सगळ्याच बाया असं लिहितेत. तुले काय वाटलं, ते सांग." मला असा राग आला! स्वतःला मूलबाळ नाही, यांना काय कळणार, असं घरी येऊन नवऱ्याजवळ बडबडलेसुद्धा. पण तो प्रश्न काही पाठ सोडीना. कितीदा लिहिलं, कितीदा फाडलं.

शेवटी एका दुपारी मुद्दाम एकटीच गेले. हे चारचौघींत वाचायची हिंमत नव्हती. ताईंनी चहा केला, टोपली ओढली, 'वाच' म्हणाल्या. मी वाचू लागले. 'नर्सनं तिला माझ्याजवळ दिलं, आणि मला तिची भीती वाटली.' हात थांबला. मी चिडलेच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं लिहिलं होतं, आणि तरीही...? तेच वाक्य पुन्हा वाचलं, जरा सावकाश. हात तसाच. मग 'भीती' खोडून 'धास्ती' केलं आणि परत वाचलं. तेवढ्यात ते अर्धं सोललेलं संत्रं मांडीवरून घरंगळत सोफ्याखाली गेलं. ताईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा कुठे मी मान वर केली.

झटका मोठा होता, कोणालाच काही करता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मला ऐकू येत होतं, समजत नव्हतं. मी एका शब्दासाठी हट्टाला पेटले होते, आणि समोर माणूसच उरलं नव्हतं... तेरवीला त्यांचे भाऊ जवळ येऊन म्हणाले, "शेवटी तुमचंच आयकलं तिनं." कुठपर्यंत ऐकलं, हे मी कोणाला विचारू? ते एक वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, याचाच जीवाला घोर लागला आहे.

मी निघताना भावांनी बागेतली संत्री बळेच पिशवीत घातली. हा लेख लिहायला बसले तेव्हा त्यातलंच एक सोलायला घेतलं. एकेक वाक्य मनाशी म्हणत होते, बोटं चालू होती. 'ताई शांतपणे गेल्या,' असं मनात आलं. सगळे तसंच म्हणतात. माझा हात थांबला.

त्या शांतपणे गेल्या का, मला माहीत नाही. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, तोंडाकडे नाही.