बापाच्या छातीचा एक्स-रे

मशीनला शिकवणाऱ्या पोरांना शिकवणं म्हणजे डोक्याला ताप. मी एक्स-रे वाचणारी डॉक्टर. इंजिनियरिंगची मुलं माझ्याकडे टीबी ओळखणारा प्रोग्राम करायला शिकतात. स्क्रीनवर उत्तर आलं की फोटो बघायचा त्यांना कंटाळा येतो, आणि त्यावरून आमचं रोज वाजतं.

पिंपळगाव राजा गावच्या शिबिरात प्रोग्रामची पहिली खरी परीक्षा होती. तो ज्याला संशयित म्हणेल त्याची थुंकी तिथंच तपासायची, बाकीच्यांना घरी सोडायचं. त्यांचे फोटो मी नंतर बघणार होते, पण एकदा घरी गेलेला माणूस पुन्हा कुठे हाती लागतो? हे मला आधीपासून खुपत होतं.

माझ्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनीनं स्वतःच्या वडिलांनाही आणलं होतं. दिवाळीपासून त्यांचा खोकला हटत नव्हता. प्रोग्राम म्हणाला, निर्दोष. पोरीचा चेहरा उजळला आणि बापानं पिशवी उचलली.

"चालतो मी. नांदुऱ्याची बस निघून जाईन."

मी सवयीनं फोटोवर नजर टाकली. उजवीकडे, गळ्याच्या हाडाखाली धुरकट डाग होता.

"थांबा," मी म्हटलं.

"मॅडम, प्रोग्राम तर साफ सांगून राह्यला." तिचा आवाज चढला होता. मला रागही आला आणि तिची कीवही आली. तिला तो डाग बघायचाच नव्हता.

सकाळचा एक संशयित फोटो मी तिला उघडायला लावला. सकाळपासून संशयितांच्या फोटोंत दिसत होता, तसा त्यातही छातीवर तावीज पांढराफेक दिसत होता. "तो झाक," मी म्हटलं. तिनं त्यावर काळा चौकोन ठेवला. तोच माणूस, तीच छाती, आणि प्रोग्राम म्हणाला, निर्दोष. दुसऱ्या फोटोचंही तेच झालं.

आमच्याकडे खोकला लांबला की आधी तावीज बांधतात, मग दवाखाना गाठतात. एक्स-रे काढताना लोक त्याला हात लावू देत नाहीत, आणि टेक्निशियनही नाद सोडतो. प्रोग्रामला शिकवायला दिलेल्या फोटोंत आजारी माणसांच्या गळ्यात तो होता, निरोग्यांच्या नव्हता. प्रोग्राम आजार शिकला नव्हता, तावीज शिकला होता.

"आम्ही बौद्ध, मॅडम," ती हळूच म्हणाली. "आमच्या घरी कोणीच तावीज बांधत नाही."

मग ती बापाजवळ गेली आणि तिनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मी थुंकीची डबी त्यांच्या हातात दिली. पोरगी तिथंच उभी होती.

"मी बसतो इथं," ते तिला म्हणाले. "तू स्टँडवर जाय, बसची वाट पाह्यत असतीन त्यायले थांबव. सकाळपासून जे घरी गेले, त्यायलेबी तुह्या मशीननं असंच साफ सांगतलं असन."

ती पळत सुटली.