पहिला घास जाळाचा

डबा उघडला तरी तो लगेच जेवायला बसायचा नाही. भाकरीचा एक तुकडा मोडायचा, कालवणात बुडवायचा आणि तो हातात घेऊन बॉयलरपाशी जायचा. भट्टीचं दार लोखंडी आकड्याने वीतभर उघडायचं, तुकडा आत टाकायचा आणि तो पेटेपर्यंत तिथेच उभं राहायचं. मग दार लावून परत यायचा, मांडी घालायचा आणि जेवायला लागायचा.

"पहिला घास जाळाचा," तो म्हणायचा. "त्याच्या जिवावर आपुन खातो, आन त्यालाच उपाशी ठिवायचं?"

त्याचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. नाव घेतलं की आमच्या मोहोपाड्याच्या कॉलनीतले लोक माझं वाचायचं सोडून आपल्याच आठवणी सांगायला लागतील, आणि त्या माझ्यापेक्षा रंगवून सांगतील. त्याच्या बाबतीत कायम असंच व्हायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याबद्दल वाईट बोलायला काही सापडत नाही आणि म्हणूनच तो सहन होत नाही. माझा तो हा.

आम्ही एकाच कारखान्यात होतो. तो बॉयलरवर, मी प्रयोगशाळेत. राहायलाही शेजारी, मधे फक्त कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या. हुद्द्याने मी वरचा, शिक्षणाने वरचा, आणि तरीही मी आयुष्यभर त्याचा हेवा केला. आता हे कबूल करायला हरकत नाही.

आमचा बॉयलर लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर चालायचा. माल आला की त्यात ओल किती आहे ते तपासायचं काम माझं. नमुना घ्यायचा, वजन करायचं, ओव्हनमध्ये वाळवायचा, पुन्हा वजन करायचं. रिपोर्ट व्हायला दुपार उजाडायची. हा सकाळीच दोन कांड्या भट्टीत टाकायचा, दारातून डोकवायचा आणि माझ्या खिडकीखाली येऊन ओरडायचा, "केमिस्ट, माल ओला हाय रं!"

माल ओला निघायचा. नेहमीच. मॅनेजर माझ्या रिपोर्टवर सही करायचे तेव्हा गाडी कधीच परत गेलेली असायची. एकदा मी वैतागून विचारलं, "मग मी कशाला आहे इथे?"

तो गंभीर झाला. "आसं कसं? माझं बोलनं कागदावर कोन लिवनार?"

त्याला खरंच तसं वाटत होतं. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

खंडेनवमीला बॉयलरला हार घालून नारळ फोडायचा मान मॅनेजरांचा. पण मॅनेजर नारळ त्याच्याच हातात द्यायचे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी तीन मुद्दे लिहून न्यायचो. हा शेवटी एक वाक्य बोलायचा आणि लोक उठून घरी जायचे. माझी बायको सुनंदासुद्धा त्याला 'भावजी' म्हणायची. माझ्या सख्ख्या भावाला ती नावाने हाक मारते.

त्याची बायको गेली त्यानंतरच्या वर्षी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. तेव्हा कर्जतहून चौक गावाकडे येताना, फार्महाउसांच्या रांगेत, एक स्टेकहाउस नवीन निघालं होतं. तिथे कसलं मांस असतं याची कॉलनीत कुजबुज होती, म्हणून मी आधी एकटाच जाऊन मेनूकार्ड वाचून आलो. कोंबडी होती, मटण होतं, सुरमई होती. पनीरही होतं, आणि पनीरला स्वतःला स्टेक म्हणवून घ्यायची लाज वाटत नव्हती. मी रविवारी दुपारचं दोघांचं टेबल सांगून आलो. घरी आठ दिवस डाव्या हातात काटा धरून पोळी खाल्ली. सुनंदाला म्हणायची दोन वाक्यंही पाठ केली. जन्मात तिला असं काही बोललो नव्हतो. मला एक दुपार हवी होती, जी ती पुढे माझी म्हणून आठवेल. एवढंच.

शनिवारी ती म्हणाली, "मी भावजींनाही सांगितलंय. रविवारी एकटे काय जेवणार ते?"

यावर नवरा काय बोलणार? बायको गेलेल्या माणसाला नको म्हणायचं, तेही आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला? मी टेबल तिघांचं केलं.

तो पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून आला होता. गावाकडचे, म्हणजे कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याचे, फणसाचे गरे त्याने सुनंदासाठी पानात बांधून आणले होते. मी आणलेला केक अजून हॉटेलच्या फ्रिजमध्ये होता. वेटरने स्टेक कसा हवा असं विचारल्यावर मी पाठ केल्याप्रमाणे "मीडियम" म्हणालो. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आतून शिजलेला, भाईरून न करपलेला. बनिवनाऱ्याला म्हना, त्याच्या घरच्याला करतो तसा कर."

ताटल्या आल्या. माझं मटण आतून गुलाबी होतं आणि सुरी पलीकडे जात नव्हती. मी "वा!" म्हणालो. त्याने सुरी बाजूला ठेवली, हाताने एक तुकडा तोडला आणि उठला.

"खाली बस," मी दातांतून म्हणालो. काय होणार ते मला कळलं होतं.

वेटर धावत आला. "सर, काही प्रॉब्लेम?"

"पराब्लेम कायबी नाय. जाळ कुठं हाय तुमचा?"

दालनाच्या टोकाला कोळशाचा मोठा उघडा कट्टा होता आणि त्यामागे एक दांडगा आचारी उभा होता. हा मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या टेबलांमधून, हातात मटणाचा तुकडा धरून, सरळ तिथे गेला. तुकडा निखाऱ्यांवर ठेवला. उभा राहिला. सगळं दालन वळून बघत होतं आणि मी मेनूकार्ड पुन्हा वाचायला घेतलं होतं.

मला वाटलं, आता आचारी त्याला हाकलणार. पण आचारी निघाला जवळच्याच ठाकुरवाडीचा. झारा खाली ठेवून तो म्हणाला, "आमची आय चुलीला असाच घास द्यायची. लई वर्सांनी बघितलं."

"मंग तू का नाय देत? दिवसभर त्याच्याकडून राबवून घेतो नं?" आणि मग, अर्थातच, "डावीकडचा कोळसा ओला हाय तुझा."

"सकाळधरनं धुरावतोय!" आचारी कपाळावर हात मारून हसला.

शेजारच्या टेबलावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आचारी स्वतः आमच्या टेबलाशी आला, माझी ताटली न विचारता उचलून घेऊन गेला आणि मटण नीट भाजून परत घेऊन आला. सुनंदा इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पंचवीस वर्षांत मी तिला असं हसवल्याचं मला आठवत नाही. माझी दोन वाक्यं पोटातच राहिली. केक आला तेव्हा आचाऱ्याने सुरी त्याच्या हातात दिली. त्याने ती सुनंदाच्या हातात दिली. माझ्याकडे ती आलीच नाही.

त्यानंतर कोणीही घरी आलं की सुनंदा ती दुपार सांगायची. सुरुवात ठरलेली असायची: "त्या दिवशी भावजींनी काय केलं ठाऊक आहे?" त्या गोष्टीत मी फक्त मेनूकार्ड वाचत असायचो.

दोन वर्षांनी मी प्रयोगशाळेचा प्रमुख झालो. सुनंदा म्हणाली, परत तिथेच जाऊ, भावजींना सांगा. मी हो म्हणालो आणि सांगितलं नाही. रविवारी सकाळी तिला म्हटलं, "बोलावलं होतं, पण त्याला शिफ्ट आहे."

आम्ही दोघं गेलो. सगळं व्यवस्थित झालं. मटण मऊ होतं, काटा डाव्या हातात बसला होता आणि बोलायला काही नव्हतं. सुनंदा दोनदा कोळशाच्या कट्ट्यापाशी जाऊन आली नि पुन्हा जेवायला लागली. ती दोन वाक्यं त्याही दिवशी बाहेर पडली नाहीत. खोटं बोलल्यावर तसलं काही बोलवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. बाहेर दोरीपाशी सुनंदाचा आवाज आला, "काय भावजी, कालची शिफ्ट कशी झाली?"

माझा हात थांबला. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

"काय सांगू वयनी," तो म्हणाला. "बॉयलरनं लई दमवलं बगा. नायतर आलो नसतो का?"

कारखान्यात तो माझ्या खिडकीखाली आला. मला वाटलं, आता बोलेल, आणि बोलायलाच हवं होतं त्याने. त्याने वर बघून एवढंच विचारलं, "केमिस्ट, जाळ कसा होता रं काल?"

"मी बघितला नाही," मी म्हणालो.

"बगायचा," तो म्हणाला आणि गेला.

तुम्हाला वाटेल, मला पश्चात्ताप झाला. झाला, पण तो नंतर. तेव्हा मला संतापच आला. मी खोटं बोललो आणि त्यातही मोठेपणा त्याच्या वाट्याला गेला.

गेल्या पावसाळ्यात दोन दिवसांच्या तापाने तो गेला. आम्ही सगळे त्याच्या गावी गेलो. कारखान्याच्या दोन बस भरल्या होत्या; माणसं मोजायची नाहीत असं ठरवूनही मी मोजली. सरण रचलं, पण लाकूड पेट घेईना. जो तो रॉकेल आणा, टायर आणा म्हणत होता. आमचे मॅनेजर माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "माल ओला आहे हो." मग आम्ही दोघंही एकमेकांकडे बघू शकलो नाही.

या महिन्यात मी निवृत्त झालो. सुनंदाने टेबल सांगितलं. तिनेच दोघांचं सांगितलं.

ताटल्या आल्यावर तिने आपल्या मटणाचा एक तुकडा कापला आणि माझ्या ताटलीच्या कडेला ठेवला. "जा, देऊन या," म्हणाली.

मी इकडेतिकडे बघितलं. दालन भरलेलं होतं. तरी उठलो. खरं सांगतो, त्या टेबलांमधून जाताना मनात हेच होतं की आजही पहिला घास त्याचाच. आचाऱ्याने मला ओळखलं. माझ्या मागे बघत विचारलं, "आन ते?" मी मान हलवली. निखारे एका बाजूला सारून त्याने मला जागा करून दिली. मी तुकडा ठेवला. चरबी तडतडली, हाताला झळ लागली. मी तुकडा पेटेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

परत आलो तेव्हा ती दोन वाक्यं तोंडात तयार होती. पण बसल्यावर दुसरंच बाहेर आलं. "सुनंदा, त्या दिवशी त्याला शिफ्ट नव्हती. मी बोलावलंच नव्हतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "ड्युटीच्या कपड्यांचे दोन्ही जोड आदल्या संध्याकाळी मीच त्यांच्याबरोबर दोरीवर घातले होते. रविवारी आपण निघालो तेव्हा दोन्ही तिथेच होते."

"मग दुसऱ्या दिवशी त्याला विचारलंस कशाला?"

"ते काय म्हणतात ते बघायला."

"आणि मला इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"त्यांनी शिफ्ट होती म्हणून सांगितलं ना," सुनंदा म्हणाली. "मग मी तुम्हाला कशी खोटं पाडू?" तिने माझ्या ताटलीतलं मटण कापून लहान तुकडे केले. मग विचारलं, "जाळ कसा होता?"

"चांगला होता," मी म्हणालो. "कोळसा वाळलेला होता."